थांबलं की बरं, पळलं की परत: गुडघा आणि कंबर पिच्छा का सोडत नाही

सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं. पळताना गुडघा धरला, आठ-दहा दिवस पळणं बंद, बाम लावला, गरम पाण्याचा शेक घेतला, मेडिकलमधून नी कॅप आणली, बरं वाटलं, परत ग्राउंडवर गेलो आणि दोन-चार दिवसांत गुडघा परत तिथेच, तसाच. कंबरेचंही हेच, फक्त कंबर धरली की माणूस जास्त घाबरतो कारण घरचे लगेच म्हणतात मणक्यात गॅप आला असेल.

यात गंमत अशी आहे की सुट्टी घेतल्याने दुखणं खरंच शांत होतं, त्यामुळे आपल्याला वाटतं की बरं झालं. पण सुट्टीत पाय मजबूत होत नाही, झाला तर थोडा कमजोरच होतो, आणि आपण परत जातो ते आधी दुखायला लागलं होतं त्याच किलोमीटरवर आणि त्याच स्पीडवर. शेतातली मोटर वारंवार जळते, आपण दरवेळी वाइंडिंग करून आणतो आणि परत बसवतो, लाइनचं व्होल्टेज कोणी तपासत नाही, तसला प्रकार. गुडघ्याला किती लोड पेलवतो आणि आपण किती देतोय, हा हिशेब जमला नाही तर बामाच्या बाटल्या संपतील पण दुखणं जाणार नाही. मी डॉक्टर नाही, पळणारा आहे, पण हा हिशेब कसा लावायचा ते सविस्तर लिहितो कारण आमच्या जळगावच्या मेहरूण तलावावर सकाळी हाच विषय सगळ्यात जास्त निघतो.

आधी भीतीचं बोलून घेऊ. काही दुखणी घरी तपासत बसायची नसतात. गुडघा पिळवटला आणि काही तासांत टम्म सुजला, किंवा गुडघा मध्येच अडकतो आणि सरळच होत नाही, किंवा पायावर वजनच टाकवत नाही, तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी. कंबरेच्या बाबतीत लघवी-संडासवरचा ताबा सुटणं किंवा लघवी अडणं, बैठकीच्या जागी बधिरपणा, पाऊल उचललं न जाणं, यातलं एकही असेल तर सरळ मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी, उद्या बघू म्हणायचं नाही. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, उगाच वजन उतरणं, हेही दाखवायचं. पोटरी एकाच पायाची सुजली आणि दुखतेय, तेही दाखवायचं, ती नेहमीची लचक नसू शकते. आणि नडगीच्या हाडावर एकाच बोटाएवढ्या जागी कळ येत असेल, त्या पायावर लंगडी घातली की जास्त येत असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते, त्यावर पळत राहणं म्हणजे चीर वाढवणं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलींना तर खास सांगणं आहे, पाळी थांबली किंवा लांबायला लागली आणि सोबत असं हाड दुखतंय, तर ते पळण्याचं दुखणं म्हणून सोडू नका ताई, खाणं कमी पडतंय आणि हाडं कमजोर होतायत असा त्याचा अर्थ असू शकतो. चौदा ते अठरा वयाच्या पोराची कंबर एका बाजूला दुखतेय आणि मागे वाकलं की जास्त दुखतेय, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर तेही दाखवाच.

यातलं काही नसेल तर मग आपलं तपासकाम सुरू.

पहिला प्रश्न, नक्की कुठे दुखतं? 'गुडघा दुखतो' हे उत्तर नाही. एका बोटाने दाखवा. बोट टेकवता येत नाही, हात वाटीवर गोल फिरतो आणि तुम्ही म्हणता 'इथे सगळीकडेच, आतून', तर बहुतेक वेळा ते वाटीच्या मागचं दुखणं असतं, ज्याला रनर्स नी म्हणतात. याची खूण म्हणजे जिना उतरताना, उकिडवं बसताना आणि जळगाव ते पुणे एसटीत पाय दुमडून बसल्यावर दुखतं, उतरून चार पावलं चाललं की सैल होतं. बोट गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला हाडावर टेकतं आणि दुखणं बरोबर ठरलेल्या अंतरानंतर सुरू होतं, म्हणजे दोन-तीन किलोमीटर काही नाही आणि मग सुई टोचल्यासारखं, तर ती मांडीच्या बाहेरून येणारी पट्टी असते, आयटी बँड. हे उतारावर फार दुखतं. चाळीसगावहून कन्नडच्या घाटात हौसेने पळायला गेलेले चढताना मजेत असतात आणि उतरताना याच दुखण्याने लंगडत येतात. बोट वाटीच्या बरोबर खालच्या टोकाला टेकतं, सुरुवातीला दुखतं मग गरम झालं की जातं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त कळतं, तर तो वाटीखालचा टेंडन आहे, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, उड्या आणि स्प्रिंट जास्त करणाऱ्या पोरांना होतो. त्याच्याही खाली नडगीवर टेंगूळ आल्यासारखं आणि पोरगा बारा-चौदा वर्षांचा, तर ते वाढीच्या वयातलं दुखणं, सहसा वाढ पूर्ण झाली की जातं, तोवर उड्या आणि पळणं थोडं आवरायचं, पोराला घरी बसवून ठेवायचं नाही. आतल्या बाजूला सांध्याच्या रेषेवर दुखत असेल, वय चाळीस-पन्नासच्या पुढे आणि पाय वळवताना कळ, तर गुडघ्याच्या सांध्यातल्या गादीचा प्रश्न असू शकतो, तो फिजिओला दाखवून घ्या.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा, आणि याचं खरं उत्तर सहसा कोणी पहिल्या झटक्यात देत नाही. दुखायला लागायच्या आधीच्या तीन-चार आठवड्यांत काय बदललं? धरणगावकडचा एक पोरगा मागे तलावावर भेटला, म्हणे दादा, मना गुडघा दुखी राह्यना, पन भरती तोंडवर शे. म्हटलं रोज कितलं पळस? तर म्हणे पहिलेसारखंच. मग खोदून विचारलं तेव्हा कळलं की अकॅडमी लावलीय, पळणं तेवढंच पण त्यात आठवड्यातून तीनदा १६०० चा टायमिंग, वर शंभरचे स्प्रिंट, वर शंभर-शंभर उठाबशा, आणि हे सगळं सिमेंटच्या रोडवर. पोलीस भरतीत मैदानीच्या ५० पैकी २० मार्क १६०० मीटरचे, म्हणून पोरं जीव तोडून तेच पळतात, मुली ८०० मीटर. रोज परीक्षा दिल्याने टायमिंग सुधारत नाही, आणि गुडघा मात्र रोज परीक्षेला बसतो. जोराचं पळणं आठवड्यातून दोनदा बस झालं, बाकीचे दिवस बोलता येईल इतक्या हळू.

आपल्या खान्देशात या 'काय बदललं' ला अजून एक मोठं उत्तर आहे, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो, भुसावळकर तर त्याच्याही वरचे आकडे सांगतात, सकाळी सात वाजताच अंगाची लाही होते आणि निम्मे लोक पळणं बंद करतात. त्यात चूक काहीच नाही. पण मृगाचा पाऊस पडला, हवा गार झाली की माणूस पहिल्याच रविवारी मार्चमधले दहा किलोमीटर पळायला जातो. दम लवकर परत येतो, पण टेंडन आणि हाड इतक्या लवकर तयार होत नाही, त्यांना महिने लागतात. म्हणून जुलै हा दुखण्याचा महिना. दुसरा सीझन नोव्हेंबर-डिसेंबर, मॅरेथॉनची नावं भरली की.

याबद्दल २०२५ मध्ये एक मोठा अभ्यास आला, पाच हजारांहून जास्त रनर्सचा. त्यात दिसलं असं की आठवड्याची बेरीज किती वाढली यापेक्षा एकच रन किती लांब मारला हे जास्त महागात पडतं. मागच्या ३० दिवसांतला सगळ्यात लांब रन जेवढा, त्यापेक्षा १० टक्क्यांहून लांब एकदम गेलात की दुखापतीची शक्यता वाढते. म्हणजे महिनाभरात सगळ्यात लांब सात किलोमीटर पळला असाल तर या रविवारी साडेसात, मित्रांनी आग्रह केला म्हणून बारा नाही. मला हा नियम फार आवडतो कारण त्याला डायरी लागत नाही, फोनमध्ये मागे बघितलं की झालं.

आणि पळण्याच्या बाहेरचं कामही मोजा बरं का. कपाशी वेचायला दोन दिवस वाकून गेलात, केळीचे घड डोक्या-खांद्यावरून गाडीपर्यंत वाहिलेत, पेरणीच्या दिवसांत बियाण्याच्या पिशव्या उचलल्यात आणि तिसऱ्या दिवशी पहाटे पळायला गेलात, तर कंबर धरली यात पळण्याचा एकट्याचा दोष काय? किंवा रोज एरंडोल-जळगाव मोटरसायकलवर अपडाउन, खड्ड्यात मागचा शॉकॲब्सॉर्बर बसलेला, त्याचा सगळा मार मणक्याला. गुडघ्याच्या हिशेबात हे सगळं धरायचं.

आता पळण्याच्या पद्धतीकडे येतो. एक छोटी गोष्ट मोजा, मिनिटाला पावलं किती पडतात. नेहमीच्या स्पीडने पळताना ३० सेकंद फक्त उजवं पाऊल मोजायचं आणि त्याला चारने गुणायचं. पुष्कळ जणांचा आकडा १५० च्या आसपास निघतो, म्हणजे पाऊल लांब पडतंय, टाच शरीराच्या पुढे लांब जाऊन आदळतेय आणि गुडघा सरळच्या सरळ धक्का खातोय. पळताना धप्प धप्प आवाज येतो तोच हा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात तपासलं होतं की स्पीड तोच ठेवून पावलांचा वेग नुसता ५ टक्क्यांनी वाढवला तरी गुडघ्यावरचा भार चांगलाच कमी होतो, १० टक्क्यांनी वाढवला तर खुब्यावरचाही. म्हणजे १५२ असेल तर १६० करा, १८० च्या मागे लागू नका, तो आकडा सगळ्यांसाठी नाही. मोबाइलवर मेट्रोनोम ॲप फुकट मिळतं, त्यावर टिक-टिक लावून सुरुवातीला एक-एक मिनिटाचे तुकडे पळा. पहिले काही दिवस पोटऱ्या भरून येतात, कारण काम गुडघ्याकडून थोडं पोटरीकडे सरकतं, म्हणून एकदम सगळा रन असा करायचा नाही. वाटीमागच्या दुखण्याला आणि आयटी बँडला हा उपाय मी सगळ्यात आधी सांगतो, कारण पैसा लागत नाही आणि फरक पडणार असेल तर लवकर कळतो.

मग घरातली तपासणी. घराच्या ओट्याच्या पायरीवर, साधारण वीतभर उंचीची, एका पायावर उभं राहायचं, समोर आरसा किंवा कोणाला तरी मोबाइल घेऊन उभं करायचं, आणि दुसऱ्या पायाची टाच अलगद जमिनीला टेकेपर्यंत हळू खाली जायचं, टेकवली की परत वर. पाच वेळा. व्हिडिओ बघताना फक्त गुडघ्याची वाटी कुठे जाते ते बघा. ती पायाच्या दुसऱ्या-तिसऱ्या बोटाच्या रेषेत खाली जायला हवी. ज्याचं दुखणं सुटत नाही त्याची वाटी बऱ्याचदा तिसऱ्या वेळेपासून आत अंगठ्याकडे झुकते, दुसऱ्या बाजूचा खुबा खाली पडतो, आणि तोल सावरायला अंग एका बाजूला कलतं. दुखऱ्या आणि चांगल्या पायातला फरक बघून घरचेसुद्धा म्हणतात, अरे हा पाय वेगळाच चाललाय. हे गुडघ्याचं नाही, वर ढुंगणाच्या आणि खुब्याच्या बाजूच्या स्नायूंचं काम आहे, आणि तेच स्नायू कंबर स्थिर ठेवतात. म्हणून गुडघा आणि कंबर पुष्कळदा जोडीने दुखतात.

व्यायाम त्यामुळे फार नाहीत, पण नेमाने करायचे. कुशीवर झोपून वरचा पाय सरळ, थोडा मागे, टाच वर ढकलत उचलायचा. पाठीवर झोपून गुडघे दुमडून कंबर उचलायची, ते सोपं झालं की एका पायावर. आणि तीच ओट्यावरची पायरी, आता व्यायाम म्हणून, आरशासमोर, वाटी रेषेत ठेवून. प्रत्येकाचे आठ ते बारा, तीन वेळा, आठवड्यातून तीन दिवस. शेवटचे दोन-तीन जड जायला पाहिजेत, नाहीतर ते नुसतं हातपाय हलवणं झालं. सोपं झालं की हातात पाण्याची पाच लिटरची कॅन धरा. वाटीखालच्या टेंडनवाल्यांनी सुरुवात भिंतीला पाठ लावून खुर्चीसारखं बसून करायची, दुखणार नाही इतक्याच खोल, ३० ते ४५ सेकंद धरायचं, चार-पाच वेळा, आणि मग हळूहळू वजन घेऊन बैठका. आयटी बँड रोलरने लाटत बसणाऱ्यांना एवढंच सांगतो की ती पट्टी जाड आणि चिवट असते, लाटून लांब होत नाही, बरं वाटतं तर करा पण खुब्याचे व्यायाम त्याऐवजी सोडू नका.

अकॅडमीतल्या उठाबशांबद्दल. बैठका वाईट नाहीत, आपले पैलवान आयुष्यभर मारतात. पण वाटी दुखत असताना पूर्ण खाली जाऊन शंभर मारणं म्हणजे जखमेवर मीठ. महिनाभर अर्ध्यापर्यंतच जा, संख्या कमी करा, दुखणं उतरलं की खोली वाढवा. सर ऐकत नसतील तर कोपऱ्यात उभं राहून आपल्या हिशेबाने करा, सर सगळ्यांचे गुडघे मोजत नाहीत.

कंबरेचं थोडं वेगळं आहे. त्यात आधी हे बघायचं की वाकल्यावर दुखतं की मागे गेल्यावर. बसून उठताना, बूट बांधताना, मोटरसायकलवरून उतरताना दुखतं आणि चालायला लागलं की बरं वाटतं, तर बसणं हे तुमचं मुख्य कारण आहे. अशांनी पहाटे उठल्या उठल्या पायाची बोटं धरून स्ट्रेचिंग करायचं नाही, रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधली गादी पाणी धरून फुगलेली असते, तेव्हा जोराने वाकणं टाळायचं, अर्धा-पाऊण तास हिंडून-फिरून मग. सूर्यनमस्कारही तेव्हाच. उलट उभं राहून, मागे वाकून, किंवा लांब पळाल्यावर पोट पुढे काढून पळायला लागलं की दुखत असेल तर पोटाचे स्नायू दमतायत आणि मांडीच्या पुढचे-वरचे स्नायू आखडलेत, दिवसभर दुकानाच्या गादीवर किंवा ऑफिसच्या खुर्चीत बसणाऱ्यांचं हे ठरलेलं. पळताना कंबरेतून पुढे वाकायचं नाही, वाकायचंच असेल तर घोट्यापासून सगळं अंग एका रेषेत जरासं पुढे.

यासाठी कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅकगिल यांनी मांडलेले तीन व्यायाम माहीत असलेले बरे. पाठीवर झोपून एक पाय दुमडून, कंबरेखाली हात ठेवून डोकं-खांदे जेमतेम उचलणं, कोपरावर कुशीने अंग सरळ धरणं, आणि चार पायांवर येऊन उजवा हात-डावा पाय लांब करणं. प्रत्येक वेळी दहा सेकंद धरायचं, सोडायचं, परत. उठून-बसून जोराने पोटाचे क्रंच मारण्यापेक्षा हे दुखऱ्या कंबरेला मानवतं. आणि चालणं. कंबर धरली म्हणून तीन-तीन दिवस खाटेवर पडून राहायचं नाही, उसण भरल्यासारखी असेल तरी दिवसातून चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं अंगणात चाला. कुणीतरी पाठीवर गुडघा ठेवून कडकन मोडून देतो त्याच्याकडे मात्र पायात मुंग्या असताना अजिबात जायचं नाही.

एमआरआयचं लोक फार मनावर घेतात. रिपोर्टमध्ये डिस्क बल्ज, म्हणजे मणक्यांमधली गादी थोडी बाहेर आलीय, असं लिहिलं की पळणं कायमचं बंद, आणि घरात शोककळा. २०१५ मध्ये एक मोठा आढावा छापून आला होता, कंबर अजिबात दुखत नसलेल्या लोकांच्या स्कॅनचा, त्यात तिशीतल्या ४० टक्के लोकांना आणि चाळिशीतल्या ५० टक्के लोकांना बल्ज दिसला. म्हणजे पिकलेल्या केसांसारखं ते वयाबरोबर येतं, त्याचा दुखण्याशी संबंध असेलच असं नाही. पायात कळ, मुंग्या, ताकद कमी असं काही असेल तर रिपोर्टला वजन, नाहीतर डॉक्टरला स्पष्ट विचारा की माझं दुखणं याच्यामुळेच आहे का.

तसंच 'पळून गुडघे झिजतात' चं. गल्लीतले अप्पा सांगतातच. २०१७ च्या एका एकत्रित अभ्यासात गुडघा-खुब्याची झीज हौसेने पळणाऱ्यांत ३.५ टक्के, न पळणाऱ्या बैठ्या लोकांत १०.२ टक्के आणि स्पर्धेसाठी जीव तोडून पळणाऱ्यांत १३.३ टक्के निघाली होती. अप्पांना हे सांगून फायदा नाही, पण आपण घाबरायचं नाही.

जमिनीचं थोडक्यात. सिमेंटपेक्षा मातीचा ट्रॅक मऊ हे खरं, पण आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाय मुरगळतो, पावसात बुटाला दोन-दोन किलो चिकटते. मग ग्राउंड नाहीतर डांबरी रोड बरा. रोड कडेला गटाराकडे उतरता असतो, रोज एकाच कडेने पळालात तर एक पाय कायम खाली पडतो, आणि तलावाला रोज एकाच दिशेने फेऱ्या मारल्या तर वळणाचा ताण एकाच बाजूला. एक दिवस उलट्या दिशेने फिरा. रस्त्यावर मात्र समोरून येणारी गाडी दिसेल अशाच बाजूने पळायचं, तिथे गुडघ्यापेक्षा जीव मोठा.

बूट साधारण ५०० ते ८०० किलोमीटर चालतात, वजनदार माणसाचे कमी. टेबलावर दोन्ही ठेवून मागून बघा, टाच एका बाजूला कललेली दिसली की निरोप द्या. पण नवीन बुटाने जुनं दुखणं गेलं असं फार कमी वेळा होतं, आणि एकदम वेगळ्या प्रकारचे, अगदी पातळ तळव्याचे घेतले तर नवीनच दुखणं येतं. नी कॅपने आधार वाटतो, हरकत नाही, ताकद येत नाही.

गोळीचं मात्र कडक सांगतो. पळायच्या आधी डायक्लो किंवा ब्रुफेनसारखी पेनकिलर टाकून मैदानात उतरायचं, हे टायमिंगच्या दिवशी पोरं सर्रास करतात. एक तर दुखणं दबतं म्हणून नको तेवढं पळून बसतो, दुसरं म्हणजे आपल्याकडच्या उन्हात घामाने अंगातलं पाणी कमी झालेलं असताना या गोळ्या किडनीला त्रास देतात. पोटात आग होते ती वेगळीच.

परत पळायला कधी? अर्धा तास झपाझप चालून दुखत नसेल तर एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, असं दहा वेळा. एक दिवस आड. दहापैकी तीनपर्यंतचं दुखणं चालतं, पळताना ते वाढत जायला नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना कालच्यापेक्षा जास्त नको. ही सकाळची खूण पळतानाच्या खुणेपेक्षा जास्त खरी, कारण पळताना अंग गरम असतं, जोश असतो. सकाळ चांगली तर पुढच्या वेळी दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं. सकाळ वाईट तर पूर्ण सुट्टी नाही, एक पायरी मागे. आधी अंतर वाढवायचं, स्पीड सगळ्यात शेवटी, दोन्ही एका आठवड्यात कधीच नाही. भरती जवळ आहे आणि दम जाईल अशी भीती असेल तर सीट उंच करून सायकल मारा, सीट खाली असली की वाटीवर जोर येतो.

आणि सहा ते आठ आठवडे हे सगळं इमानदारीत करूनही फरक नसेल तर चांगला फिजिओ गाठा. नुसतं मशीन लावून वीस मिनिटं झोपवून ठेवत असेल तर दुसरा बघा. जाताना फोनमधला मागच्या तीन महिन्यांच्या पळण्याचा हिशेब, ओट्यावरचा तो व्हिडिओ आणि घासलेले बूट सोबत न्या, चपलेवर जाऊन 'गुडघा दुखतो' एवढंच सांगितलं तर त्यालाही अंदाजच लावावा लागतो.